सुपडू आप्पा आणि बंबाचा टेम्पो

सुपडू आप्पांशी तुमची ओळख करून दिली, तर ते नमस्कार करणार नाहीत. उजव्या हाताची पालथी बाजू तुमच्या मनगटाला लावतील, डोळे मिटतील, क्षणभर थांबतील आणि म्हणतील, "कमी शे."

म्हणजे तुमच्या अंगातली ऊब कमी आहे. मला पहिल्यांदा असं म्हणाले तेव्हा मी घाबरून घरी आलो आणि बायकोला म्हटलं, मला काहीतरी झालंय. पुढे कळलं की आप्पांच्या लेखी जगात सगळंच कमी होतं. चहाच्या ग्लासाला पालथा हात: कमी शे. माझ्या बायकोने कढईतून थेट ताटात वाढलेल्या पुरीला पालथा हात: कमी शे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाच्या कपाळाला टिळा लावताना बोटं सोडून हाताची पालथी बाजू टेकवली, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, कमी शे. वरपक्षाची माणसं अर्धा तास रुसून बसली होती.

त्यात त्यांचा दोष नव्हता. आप्पा कडोदऱ्याच्या आमच्या मिलमध्ये बॉयलरवर होते. साड्या रंगवायला वाफ लागते, आणि ती वाफ गेली वीस-बावीस वर्षं आप्पांच्या हाताखालून जायची. सहा फुटांचा माणूस, भट्टीच्या धगीने भुवया कायमच्या आखूड झालेल्या. बोलणं साक्री तालुक्यातलं अहिराणी, अगदी जसंच्या तसं. सुरतेने त्याला फक्त दोन-चार गुजराती शब्द चिकटवले. मी त्याच मिलमध्ये फोल्डिंग खात्यात कारकून, आणि उधन्याच्या आमच्या सोसायटीत त्यांचा शेजारी. सोळा वर्षं शेजारी. सोळा वर्षांत या माणसाच्या तोंडून एकदाही "बरोबर शे" ऐकलं नाही.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मला थंडी फार वाजते. नवरात्र संपलं की माझा मफलर निघतो. सुरतेची थंडी ती काय! पंखा पाचवरून दोनवर आणायचा, झाला हिवाळा. पण मला तेवढीही सोसत नाही, आणि याच गुणामुळे मी आप्पांच्या तावडीत सापडलो.

झालं असं. आमच्या मिलच्या मागे भंगारात एक टेम्पो तीन पावसाळे उभा होता. एके काळी त्यातून कापडाचे ताके जायचे. आप्पांनी एक दिवस शेठकडे तो मागितला. शेठ म्हणाले, "काका, लई जाव ने, जगा खाली थशे." घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होईल. आप्पांनी मिलच्या फिटरला हाताशी धरून त्याचं इंजिन चालू केलं आणि टेम्पो धुराचे लोट सोडत आमच्या सोसायटीत आणून उभा केला. मागच्या बाजूला पत्र्याची खोली बांधली. मागून दार, दाराला पायरी, एक खिडकी, आत एक लाकडी बाकडं झोपायला. पत्रा आणि आतली फळी यांच्या मधल्या पोकळीत त्यांनी मिलमधल्या बाद साड्यांचे तुकडे ठासून भरले. लोक टेम्पोत साड्या भरून नेतात. आप्पांनी टेम्पोच्या भिंतीत भरल्या. फळ्यांच्या फटीतून कुठे जांभळा, कुठे पोपटी पदर डोकावायचा.

हा उपद्व्याप कशासाठी, ते सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. सुरेखासाठी.

सुरेखा ही आप्पांची एकुलती एक मुलगी. आई ती दहा वर्षांची असतानाच गेली. तिच्या वेण्या आप्पांनी घातल्या, डबा आप्पांनी भरला, पहिल्या पाळीला असले की पहाटे तिला आमच्या घरी आणून झोपवायचे आणि कामावर जायचे. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न केलं, साक्रीच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात. माणसं चांगली, घर खाऊनपिऊन सुखी. पण लग्नानंतर वर्षभरात सासूबाईंचं अर्धं अंग गेलं. त्या अंथरुणाला खिळल्या, आणि त्यांच्या अंथरुणाला सुरेखा. वर चार गुरं. तीन दिवाळ्या झाल्या, पोर माहेरी आली नव्हती. कोणी अडवलं नव्हतं हो, तिलाच निघता येत नव्हतं.

मग बापाने जावं, असं तुम्ही म्हणाल. तर आमच्याकडे रिवाज असा, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. जेवण नाही, मुक्काम तर नाहीच. आता हे कोण पाळतं? मी आप्पांना तोंडावर सांगितलं, "आप्पा, आता जमाना बदलला. गल्लीच्या तोंडाशी एस.टी.डी. बूथ निघालंय आणि तुम्ही पाण्याचं काय धरून बसलात?"

आप्पा म्हणाले, "भाऊ, सेफ्टी व्हॉलले हात लावना नही ऱ्हास."

सेफ्टी व्हॉलला हात लावायचा नसतो. बॉयलरच्या माणसाचा हा वेद. तो वॉल्व्ह का आहे, कोणी बसवला, हे विचारायचं नाही, फक्त त्याला छेडायचं नाही. पाण्याचा रिवाज म्हणजे आप्पांच्या मते तसाच कुणीतरी शहाण्याने बसवलेला वॉल्व्ह होता. परिणाम असा, की वर्षातून एकदा ते सकाळच्या एस.टी.ने त्या गावात उतरायचे, लेकीच्या ओट्यावर तासभर कोरडे बसायचे आणि तीनच्या शेवटच्या गाडीने परत. त्या तासातही सुरेखा निम्मा वेळ सासूच्या खाटेपाशी. बापलेकीचं बोलणं किती, तर "बरी शे ना?" "बरी शे." संपलं.

म्हणून टेम्पो. स्वतःचं छप्पर, स्वतःच्या दशम्या, स्वतःचं पिंपभर पाणी घेऊन लेकीच्या दारात उभं राहायचं. रिवाजही मोडत नाही आणि मुक्कामही होतो. ही युक्ती ऐकली तेव्हा मी मनातल्या मनात या माणसाला हात जोडले.

पण पहिल्या वर्षी युक्ती फसली. डिसेंबरात गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो परत सोसायटीत. मी विचारलं, "काय झालं? भांडण?"

"पत्रा गार," आप्पा म्हणाले. "दहा मिनिटं बठाले जमनं नही." आणि घरात गेले. दोन दिवस कुणाच्या मनगटाला हात लावला नाही.

मला वाटलं, बरोबरच आहे. जन्म भट्टीपुढे काढलेला माणूस. त्या डोंगराकडची थंडी तुम्हाला माहीत नसेल. डिसेंबरात तिकडे सकाळी गुरांच्या तोंडातून वाफ निघते. तशा थंडीत पत्र्याच्या डब्यात हा काय बसणार? तर, आता टेम्पो गरम करायचा, या एका वेडाने आप्पांना पछाडलं. ते पुढचं अख्खं वर्ष पुरलं.

पहिला सल्ला सगळ्यांनी दिला तो शेगडीचा. आत शेगडी ठेवा, निखारे करा, दार लावा. हे ऐकून आप्पांचा चेहरा जो काही झाला! एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण सल्ला देणाऱ्याला त्यांनी सोसायटीच्या नळावर, बायका पाणी भरत असताना, फैलावर घेतलं. बंद खोलीत कोळसा जळला की जो वायू होतो तो दिसत नाही, त्याला वास नाही, माणूस झोपतो तो उठतच नाही, हे त्यांनी इतकं खुलवून सांगितलं की आठवडाभर सोसायटीत कोणी शेगडी पेटवायला तयार होईना. शेवटी म्हणाले, "आग भाहेर, ऊब मझार. ध्यानमा ठेवा." आग बाहेर ठेवायची, ऊब आत आणायची. बॉयलरचं तत्त्वच ते. पुढे वर्षभर उठता-बसता हेच वाक्य. माझ्या बायकोने एकदा माझ्यावर चिडून भांडी आपटली तर हे खिडकीतून म्हणाले, "भाऊ, आग भाहेर जाऊ द्या." तिने त्या दिवशी त्यांना पुऱ्या पाठवल्या नाहीत.

आधी विटांचा प्रयोग झाला. चुलीत विटा तापवायच्या, गोणपाटात गुंडाळायच्या आणि बाकड्याखाली ठेवायच्या. पण चालतं की नाही हे सुरतेत कळणार कसं? सुरतेच्या हिवाळ्यात तो टेम्पो विटांशिवायच भाजून काढायचा. त्याला थंडी पाहिजे, आणि थंडी वाजणारा माणूस पाहिजे. कारण आप्पांचं स्वतःचं कातडं धगीने निबर झालेलं, त्याचा भरवसा नाही. थंडी वाजणारा माणूस शेजारीच होता. थंडीसाठी आप्पांनी बर्फाचा कारखाना शोधला.

तुम्हाला खोटं वाटेल, पण एका रविवारी दुपारी कारखान्याच्या आवारात, टेम्पोच्या तिन्ही बाजूंनी बर्फाच्या लाद्या रचल्या होत्या, टपावर दोन लाद्या, आणि आत मफलर, स्वेटर, कानटोपी घालून मी बसलो होतो. बाहेर कारखान्याचा मॅनेजर उभा. त्याने खिडकीतून मला पाहिलं आणि आप्पांना विचारलं, "काका, आ भाईने शुं थयुं छे?" या भाईला काय झालंय? आप्पांनी त्याच्या मनगटाला पालथा हात लावला आणि त्याच्यात कमी असल्याचं सांगितलं. त्यानंतर तो लांबच उभा राहिला.

विटांनी काय झालं? पाय भाजले आणि नाक गोठलं. वर गोणपाट करपलं आणि मी खोकत बाहेर आलो. आप्पांनी माझ्या पायाला आणि नाकाला आळीपाळीने हात लावून पाहिला. म्हणाले, "पसरत नही." ऊब पसरत नव्हती, एका जागी बसून राहत होती. हे त्यांचं अगदी खरं होतं. माझ्या तळपायाला चार दिवस खोबरेल लावावं लागलं.

बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी खांद्यावर तांब्याचा बंब घेऊन आले. आंघोळीचं पाणी तापवायचा आपला साधा बंब; मधल्या नळीत लाकडं, भोवती पाणी. सुरेखाच्या आईच्या हातचा, लग्नात आलेला. इतकी वर्षं माळ्यावर पडून होता. तो त्यांनी टेम्पोच्या बाहेर, मागच्या पायरीशेजारी लोखंडी कड्यात बसवला. बंबाच्या वरच्या अंगाने पितळी नळी काढून आत नेली, बाकड्याखालून, तिन्ही भिंतींच्या कडेने फिरवली आणि बंबाच्या खालच्या तोटीत परत आणून जोडली. तापलेलं पाणी वरून आत जाणार, फिरता फिरता गार होणार, खालून परत बंबात येणार. पंप नाही, मोटर नाही. धूर बाहेर. बाहेर आग, आत ऊब, आणि पाणी आपलं आत-बाहेर करतंय.

पुन्हा बर्फाचा कारखाना, पुन्हा मी. या वेळी मॅनेजरने स्वतःच्या घरून बायकापोरं पाहायला आणली होती. बंब पेटला. पहिली पंधरा मिनिटं मी देवाचं नाव घेत होतो. मग नळी कोमट झाली. मग भिंती. अर्ध्या तासाने मी मफलर सोडला. पुढचं मला आठवत नाही, कारण मला झोप लागली. अडीच तासांनी जाग आली तेव्हा टपावरच्या लाद्या वितळून ओघळत होत्या आणि दाराच्या फटीतून आप्पा माझ्याकडे बघत होते.

"कसं?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, स्वर्ग. फक्त बाकडं आखूड झालंय. पाय पोटाशी घेऊन झोपलो."

हे मी त्यांना आधीही सांगितलं होतं. बाकडं होतं पाच फूट दोन इंच. मी पाच फूट सहा, आप्पा सहा फूट. सूतभर इकडे-तिकडे झालेलं ज्याला चालत नाही, त्या माणसाने स्वतःच्या बिछान्याचं माप दहा इंचांनी चुकवावं? सोसायटीत सगळ्यांनी त्यांची यावरून थट्टा केली. आप्पा एवढंच म्हणायचे, "जागा कोठे शे?" जागा चिक्कार होती. मी मोजली होती.

डिसेंबर आला, आणि आप्पा मला म्हणाले, चला. मी खूप सबबी सांगितल्या. पण बायकोनेच माझा मफलर काढून हातात दिला. सुरेखाच्या लहानपणच्या कितीतरी सकाळी आमच्या घरात गेलेल्या. बायकोने माझ्याबरोबर तिळाच्या लाडवांचा डबाही दिला.

पिंपभर सुरतेचं पाणी, दशम्या, लाकडं, रजई आणि मी, असा सगळा संसार घेऊन आम्ही सकाळी निघालो. आप्पांचं गाडी चालवणं पाहायला हवं होतं. त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि इंजिनच्या उष्णतेच्या काट्यावर जास्त. काटा जरा वर गेला की गाडी बाजूला, बॉनेट उघडायचं, पालथा हात. व्यारा, सोनगड, नवापूर असं थांबत थांबत कोंडाईबारीचा घाट चढलो. घाटात रस्ता असा, की पोटातली दशमी घशाशी यावी. पाठीमागे पिंप कलंडलं. उभं केलं, पुढे निघालो. दुपार कलता कलता गावात पोहोचलो.

सुरेखा ओट्यावरच उभी होती. कितीतरी वेळ उभी असावी. वाकून पाया पडली. आप्पांनी तिच्या कपाळाला पालथा हात लावला आणि नेहमीचं वाक्य उच्चारलं. ती हसली. मी तिला चार वर्षांनी पाहत होतो, आणि मला ते हसू काही बरं वाटलं नाही. चोवीस-पंचवीसची पोर, पण डोळ्यांखाली काळं, बोटं भेगाळलेली. तक्रार अजिबात नाही. उभ्या उभ्या लाडू खाल्ला, डबा कोणी दिला ते न सांगता ओळखलं, आणि आतून सासूबाईंनी हाक मारली तशी अर्धा लाडू हातात घेऊन आत पळाली.

व्याही बिचारे चहा घ्या, पाणी घ्या करत मागे लागले. आप्पांनी हात जोडले आणि टेम्पोत जाऊन स्वतःच्या दशम्या खाल्ल्या. मी मात्र मुलीचा बाप नव्हतो. मी ओट्यावर बसून बाजरीची गरम भाकरी, शेवभाजी आणि ठेचा, असं नीट तीनदा मागून जेवलो. टेम्पोच्या खिडकीतून आप्पा माझ्याकडे बघत दशमी चावत होते. माझ्या घशाखाली घास उतरला नाही असं मी म्हणणार नाही. छान उतरला.

दिवस डोंगराआड गेला आणि थंडी अशी आली, की जणू कोणी दार उघडून सोडून दिली. आप्पा बंब भरायला उठले, आणि त्यांनी पिंपाची तोटी सोडली. सूं सूं आवाज झाला. पाणी नाही. घाटात कलंडलेल्या पिंपाची तोटी ढिली होऊन सगळं पाणी वाटेत गळून गेलं होतं. तळाशी उरलं होतं ते जेमतेम तांब्याभर. आप्पांनी पिंप तिरकं करून तो तांब्या भरला, वर ताटली झाकली आणि आत नेऊन कोपऱ्यात ठेवला.

विहीर वीस पावलांवर होती. पण ती लेकीच्या सासरची.

"आप्पा, तुम्हाला प्यायचं नाहीये. बंबात घालायचंय," मी म्हटलं.

"पानी ते पानी."

"मग काय करणार? पाण्याशिवाय बंब पेटवला तर सांध्यांचे डाग सुटतील, तांबं जळेल."

आप्पा पायरीवर बसले. एवढा धिप्पाड माणूस, पण मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना. वर्षभराची खटपट, बर्फाच्या लाद्या, माझे भाजलेले तळवे, सगळं वीस पावलांवर येऊन अडलं होतं. मी चिडलो. म्हटलं, "घाला तुमचा तो व्हॉल चुलीत." तरी हललेदेखील नाहीत. पत्र्याला हात लावून बघत होते फक्त, आणि पत्रा गार पडत चालला होता.

एवढ्यात सुरेखा आली. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. तिने पायरीजवळ हंडा-कळशी उतरवली आणि म्हणाली, "आप्पा, ल्या."

"नही, माय."

"काब्र नही?"

"तुले माहीत शे."

सुरेखाने कमरेवर हात ठेवला. मग अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "आप्पा, बंबनी कोणले पोर देल शे का?"

बंबाने कुणाला मुलगी दिलीय का?

मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण आप्पा विचार करत होते. खरोखर विचार करत होते. बंबाकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं. बॉयलरच्या परीक्षेलाही त्यांनी इतका वेळ घेतला नसेल. शेवटी मान डोलावली. "बंबले चाली," म्हणाले. "मन्हा हातले नही लागाले पाहिजे." म्हणून पाणी सुरेखाने ओतलं आणि आप्पा चार पावलं लांब उभे राहिले, शिंतोडा उडेल म्हणून.

बंब पेटला. तासाभरात आतल्या नळ्या तापल्या. दिवेलागण होऊन गेली होती. मला वाटलं, आता आप्पा आत जातील, पाय दुमडून झोपतील, आणि मी जावईबापूंच्या घरात रजईत शिरीन. पण आप्पा पायरीवरच. मला तहान लागली म्हणून मी कोपऱ्यातला तांब्या उचलायला गेलो, तर माझ्या हातावर फटका बसला. स्वतः सकाळपासून घोटभरसुद्धा प्यायले नव्हते.

घरातलं सगळं आवरून सुरेखा बाहेर आली. मागे जावईबापू. ते तिला म्हणत होते, "जाय तू. माय कडे मी देखस." ती पायरीशी आली आणि पाय वर ठेवणार, तोच आप्पा म्हणाले, "थांब."

ते आत गेले, दशमीचा तुकडा आणि तो तांब्या घेऊन आले. तुकडा तिच्यावरून ओवाळला, डावी-उजवीकडे टाकला. तांब्यातलं सुरतेचं पाणी तिच्या पायांवर घातलं, दोन थेंब तिच्या डोळ्यांना लावले. माहेरी आलेल्या लेकीला उंबऱ्यात घरची बाईमाणसं करतात तसं. हे सगळं त्यांनी बायकांकडे बघून बघून शिकलेलं असणार, कारण थोडं चुकलं. पाणी आधी घालायचं असतं. सुरेखा उजवा पाय पुढे टाकून टेम्पोत शिरली, बाकड्यावर बसली, गरम भिंतीला पाठ टेकली आणि रडायला लागली. मी आणि जावईबापू, आम्ही दोघेही दुसरीकडे बघत राहिलो.

मागच्या वर्षी दहा मिनिटं बसवलं नव्हतं ते तिला. आप्पांना नव्हे. गार पत्र्यात ती कुडकुडत बसली, आणि बापाने स्वतःच तिला उठवून घरात पाठवून दिलं होतं. हे मला जावईबापूंनी चुलीपाशी बसून सांगितलं. माझ्या वर्षभराच्या थट्टेची मला लाज वाटली, आणि ती अजून जात नाही.

सकाळी उजाडताना मी मफलर, कानटोपी, दोन स्वेटर असा बाहेर आलो. गवतावर दहिवर पांढरं पडलेलं. आप्पा बंबापाशी उकिडवे बसून लाकूड सारत होते.

"आप्पा, रात्रभर इथे?"

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "पोर झोपेल शे," हळूच म्हणाले. "मी ड्यूटीवर शे."

मी खिडकीतून डोकावलो. सुरेखा रजई बाजूला सारून झोपली होती, पाय सरळ लांब करून. डोकं एका फळीला, टाचा दुसऱ्या फळीला. सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही.

गोठ्यात गुरं हंबरली. रोज चारला उठणारी पोर हलली नाही. सासरे ओट्यावर आले, तिला हाक मारायला तोंड उघडलं, आणि आप्पांनी लांबूनच त्यांना हात जोडले. "याही, माहेरवाशीण शे. उठाडू नका." सासरे क्षणभर थांबले. मग चरवी घेऊन स्वतःच गोठ्यात गेले.

आप्पांनी पत्र्याला पालथा हात लावला. डोळे मिटले. बराच वेळ तसेच राहिले. मी वाट बघत होतो, ठरलेल्या वाक्याची.

"बरोबर शे," आप्पा म्हणाले.